‘टेन्शन’ म्हणून सोडून दिलेली तीन वर्षं : एक प्रकरण अभ्यास

रुग्ण ४३ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांच्या संमतीनं हे लिहितोय. गाव, नाती आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत आणि गावात सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही बाईच. माझ्याकडे त्या आल्या ते दुसऱ्या मोठ्या झटक्यानंतर. त्याआधीचं सगळं मला जुन्या फायलींतून, घरच्यांकडून आणि बाईंच्या एका वहीतून कळलं. त्या वहीबद्दल पुढे येईलच.

पार्श्वभूमी

सुरुवात माझ्याकडे येण्याच्या तीन वर्षं आधी झाली. अचानक छातीत धडधड, डोकं ठणकायला लागायचं, आणि फॅनखाली बसूनही ब्लाउज भिजेल इतका घाम. चेहरा पांढराफटक. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरायचं आणि नंतर दिवसभर अंगात त्राण नसायचं. आधी महिन्यातून एखाद्या वेळी होई, शेवटच्या वर्षात आठवड्यातून दोन-तीनदा.

गावातल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉईड, ईसीजी करून घेतलं. सगळं ठीक. दवाखान्यात बीपी कधी १३०/८४, एकदा १६०/१०० लागलं, तेव्हा बीपीची एक साधी गोळी सुरू झाली. पुढच्या कागदांवर ‘अँग्झायटी’ हा शब्द येतो, त्यानंतरच्या कागदांवर ‘पाळी जायची वेळ’, आणि रात्रीसाठी झोपेची अर्धी गोळी. वर्षभरात पाच किलो वजन कमी झालं होतं. मैत्रिणींनी त्याचं कौतुक केलं.

टेन्शन म्हणावं असं घरात पुष्कळ होतं, हेही खरं. नवऱ्याचे यंत्रमाग तोट्यात जाऊन विकावे लागले होते, कर्जाचे हप्ते बाईंच्या पगारातून जात होते. बदली होऊन शाळा घरापासून लांब गेली होती. वर मतदारयाद्यांचं काम. त्यामुळे कोणत्याही डॉक्टरनं ‘घरी काही टेन्शन?’ असं विचारलं की उत्तर भरभरून मिळायचं आणि तपास तिथंच संपायचा. नवरा म्हणायचा, ‘अगं, तू विचार फार करतेस.’ काही काळानं बाईंनाही ते पटलं.

पहिला झटका

मे महिन्यात बाईंचे वडील गेले. रक्षाविसर्जनाच्या दिवशी सकाळपासून पोटात काही नव्हतं, ऊन होतं, माहेरी माणसांची गर्दी. दुपारी त्यांना उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. पाव तासाच्या आत बाई ‘डोकं फुटतंय’ म्हणून ओरडल्या, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटू लागलं, हातपाय गार पडले.

तालुक्याच्या रुग्णालयात बीपी २२०/१३०. ईसीजीमध्ये बदल होते, हार्ट अटॅक धरून रक्त पातळ करायची औषधं देऊन त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथे पोचेपर्यंत फुप्फुसात पाणी भरलं होतं. ट्रोपोनिन (हृदयाच्या पेशींना इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) वाढलेलं, टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्के (एरवी ते ५५ च्या वर असतं). दुसऱ्या दिवशी सकाळी अँजिओग्राफी झाली, आणि तिन्ही रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या.

वडिलांचा मृत्यू, बाईमाणूस, अँजिओ नॉर्मल, पंपिंग कमी. निदान लिहिलं गेलं : स्ट्रेस कार्डिओमायोपॅथी, म्हणजेच ताकोत्सुबो. हा आजार १९९० मध्ये जपानमध्ये हिरोशिमाच्या डॉक्टरांनी प्रथम वर्णन केला. मोठा मानसिक किंवा शारीरिक धक्का बसल्यावर ताणाच्या हार्मोनचा लोंढा येतो, हृदयाचा काही भाग जणू बधिर होतो आणि बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. घरच्यांना हे लगेच पटलं. वडिलांची लाडकी लेक होती, धक्का सहन झाला नाही. औषधांत मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके आवरणारी ‘बीटा ब्लॉकर’ गोळी), रामिप्रिल (बीपी आणि हृदयावरचा भार कमी करणारी) आणि लघवीची गोळी देऊन आठव्या दिवशी घरी सोडलं.

निदानात न बसणाऱ्या गोष्टी

हे निदान काढणाऱ्यांवर टीका करणं सोपं आहे, पण त्या रात्री जे समोर होतं त्यावरून ते अगदी स्वाभाविक होतं. तरी फाइल शांतपणे वाचली की काही गोष्टी टोचतात.

एक म्हणजे वय. ताकोत्सुबोच्या १७५० रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदवही २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास ९० टक्के स्त्रिया होत्या, पण सरासरी वय ६७ च्या आसपास होतं. बाई ४३ च्या, आणि पाळी चालू होती. दुसरं, इकोच्या अहवालात हृदयाचं टोक चांगलं हलत होतं आणि तळाचा भाग थिजला होता. नेहमीच्या ताकोत्सुबोत याच्या नेमकं उलट दिसतं. अहवालात त्याची नीट नोंद होती, ‘रिव्हर्स पॅटर्न’ असं लिहिलंही होतं, पण निष्कर्षात त्याचा काहीच उपयोग झाला नाही. रक्तातली साखर दाखल होताना २६८ होती आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ५.६, म्हणजे मधुमेह नाही. मग एवढी साखर आली कुठून?

माझ्या दृष्टीनं सगळ्यात बोलका कागद होता सिस्टरांनी भरलेला आयसीयूचा तक्ता. पहिल्या रात्री अकरा वाजता बीपी ८४/५०. बीपी वाढवायचं औषध अगदी थोडं सुरू झालं. दीड वाजता २१०/११८, औषध बंद. सव्वातीनला पुन्हा ९०. साडेपाचला १९६. कडेला सिस्टरांनी निळ्या पेनानं लिहिलंय : ‘ड्रिप बंद असताना बीपी वाढले. पे. ला घाम.’ सकाळच्या राउंडच्या नोंदीत या वाक्याचा उल्लेखच नाही. बीपीतले चढउतार औषधामुळे असावेत असं धरून पुढे गेलं गेलं, आणि ते औषध तर तेव्हा बंद होतं.

दुसरा झटका

पाच आठवड्यांनी केलेल्या इकोत पंपिंग ४८ टक्क्यांवर आलं. जूनच्या मध्यात शाळा उघडली, बाई हजर झाल्या. धडधडीचे झटके चालूच होते, आता त्यांना घाबरून बाई रडायच्याही. एका ओळखीच्या डॉक्टरांनी ‘पॅनिक अटॅक’ म्हणून आधीच्या गोळ्यांत प्रोप्रानोलॉलची भर घातली. हीसुद्धा बीटा ब्लॉकर, धडधडीची आणि घबराटीची जुनी, सरधोपट गोळी. एरवी तिनं लोकांना आराम पडतो.

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी, पोषण आहार वाटून झाल्यावर, पहिलीतल्या एका मुलीच्या सँडलचा पट्टा लावायला बाई खाली वाकल्या आणि तिथंच बसल्या. बीपी २४०/१४०, पुन्हा फुप्फुसात पाणी, पंपिंग ३२ टक्के. या वेळी त्यांना आमच्याकडे आणलं.

नातेवाईक सांगत होते, वडिलांच्या दुःखातून अजून बाहेर आलेली नाही. ऑक्सिजनचा मास्क निघाल्यावर मी बाईंनाच विचारलं, ‘त्या दिवशी काही झालं होतं का? भांडण, वाईट बातमी, काही?’

‘काहीच नाही, डॉक्टर. उलट त्या दिवशी मूड चांगला होता. मुलांना लापशी होती.’

मग त्यांनी मुलीकडून पर्स मागवली. पर्समध्ये टाचण वही होती, शिक्षक पाठाची तयारी जिच्यात लिहितात ती. शेवटच्या पानांवर तीन वर्षांच्या नोंदी होत्या : तारीख, वेळ, काय करत होते. ‘झाडून काढताना.’ ‘जेवणानंतर भांडी घासायला बसले.’ ‘बूट घालताना.’ ‘एसटीत उजव्या कुशीवर कलंडून झोपले होते.’ केंद्रप्रमुखांची भेट, बँकेची नोटीस, माग विकले त्या दिवसाचं भांडण, या तारखा मी बाईंना एकेक करून विचारल्या. त्या दिवशी झटका नव्हता. झटके यायचे ते वाकल्यावर, पोटावर दाब आल्यावर. मनाशी त्यांचा मेळच लागत नव्हता.

एवढ्यानं निदान होत नाही, पण तपासाची दिशा पोटाकडे वळली. बाईंच्या भावाला फोन करून मी त्या दिवशीच्या उलटीच्या इंजेक्शनची चिठ्ठी शोधायला सांगितली. त्यानं फोटो पाठवला : मेटोक्लोप्रामाइड. लाखो लोकांना निर्धोकपणे दिलं जाणारं औषध. पण ॲड्रिनल ग्रंथीत एका विशिष्ट प्रकारची गाठ असेल तर हेच औषध तिच्यातला हार्मोनचा साठा एकदम रक्तात सोडवू शकतं. त्या गाठीचं नाव फिओक्रोमोसायटोमा.

हार्मोन हृदयाचं नेमकं काय करतात

मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना ॲड्रिनल ग्रंथी असतात. त्यांच्या सालीतून कॉर्टिसोल येतं, गाभ्यातून ॲड्रिनलिन आणि थोडं नॉरॲड्रिनलिन. बाकीचं नॉरॲड्रिनलिन मज्जातंतूंच्या टोकांतून मिळतं. कुत्रं अंगावर आलं तर याच हार्मोनमुळे आपण पळू शकतो. रक्तातलं ॲड्रिनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, म्हणून भीती गेली की हृदयही लवकर शांत होतं. ही सगळी व्यवस्था थोड्या वेळासाठी आहे. फिओक्रोमोसायटोमाची गाठ हेच हार्मोन मनाला येईल तेव्हा, मेंदूच्या हुकमाशिवाय, सोडत राहते. नळाची चावी तुटल्यावर पाणी जसं कोणी मागितलं नसताना वाहतं, तसं. त्यामुळे ताणाची हार्मोन हृदयाचं वर्षानुवर्षं काय करतात हे पाहायचं असेल तर असे रुग्ण हा निसर्गानंच केलेला, फार निर्दय प्रयोग आहे.

पहिल्या काही मिनिटांत हृदयाच्या पेशीवरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे या हार्मोनचा संदेश पकडणारे रेणू, चेतवले जातात, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि ठोका जोरात पडतो. डोस माफक असेल तर हे उपयोगाचंच. डोस प्रचंड झाला की पेशीत कॅल्शियमचा भडिमार होतो, ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, आणि स्नायूचे धागे आकुंचन पावलेल्या अवस्थेतच अडकून मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशीत गडद आडवे पट्टे दिसतात. साध्या हार्ट अटॅकमध्ये रक्त न मिळाल्यानं पेशी सैल पडून मरते, ही आवळून मरते. शिवाय हे एका वाहिनीच्या हद्दीत होत नाही, हृदयभर ठिपक्याठिपक्यांनी होतं. म्हणून अँजिओ स्वच्छ येते.

हे गाठीशिवायही घडू शकतं. १९८० मध्ये क्लीव्हलंडच्या दोन संशोधकांनी हल्ल्यात मेलेल्या अशा १५ जणांच्या हृदयांचा अभ्यास मांडला, ज्यांना प्राणघातक म्हणावी अशी आतली इजा झालेली नव्हती. त्यांतल्या ११ जणांच्या हृदयात हेच पट्टे सापडले. म्हणजे भीतीनं माणूस मरतो ही केवळ म्हण नाही. २००५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गटानं ताकोत्सुबोच्या रुग्णांचं रक्त तपासलं, तर त्यांच्यातली हार्मोनची पातळी गंभीर हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही दोन ते तीन पट होती. म्हणून बाईंच्या पहिल्या झटक्यात दुःखाचा वाटा अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही. सुतकातलं घर, उपाशी पोट, त्यावर ते इंजेक्शन, आणि आत बसलेली गाठ. सगळं एकत्र आलं.

आठवडे-महिने हा मारा चालू राहिला की दुसरी गोष्ट घडते. पेशी आपले बीटा रिसेप्टर आत ओढून घेतात. हार्मोन ओरडत राहतं, पेशी कमी ऐकते, पंपिंग घसरतं. दुसरीकडे अल्फा नावाच्या दुसऱ्या जातीच्या रिसेप्टरमुळे हृदयाला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या आवळतात, भिंत जाड होत जाते. पेशी मरतात तिथे दाहाच्या पेशी जमतात, आणि काही काळानं त्या जागी तंतूंचा व्रण उरतो. मेयो क्लिनिकमधून १९६६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात या गाठीनं दगावलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांच्या हृदयात असा ठिकठिकाणचा दाह आढळला होता. ऑक्सफर्डच्या गटानं २०१६ मध्ये एमआरआयवरून दाखवलं की गाठ काढून टाकल्यावरही काही व्रण मागे राहतात. पंपिंग सुधारतं, व्रण पुसला जात नाही.

कॉर्टिसोलचा रस्ता वेगळा आणि संथ. ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, साखर आणि पोटावरची चरबी वाढवतं, आणि रक्तवाहिन्यांना ॲड्रिनलिनबाबत जास्त हळवं करतं. रोजच्या ताणाचा हृदयावरचा परिणाम बहुतांशी या वाटेनं होतो : बीपी, साखर, मोडलेली झोप, वाढलेली सिगारेट. ५२ देशांतल्या हजारो रुग्णांवरच्या, २००४ मध्ये आलेल्या इंटरहार्ट अभ्यासात कामाचा आणि घरचा ताण हार्ट अटॅकशी जोडलेला दिसला तो याच अर्थानं. हप्ते आणि बदली यांनी बाईंचं हृदय तीन वर्षांत थेट ३० टक्क्यांवर आणलं, हे मात्र या हिशेबात बसत नाही.

समोरचे पर्याय

दुसऱ्या झटक्यानंतरच्या सकाळी आमच्यापुढे तीन शक्यता होत्या. पुन्हा ताकोत्सुबो, कारण काही टक्के रुग्णांत तो परत होतो. औषधं चुकवल्यामुळे भडकलेलं बीपी, पण नवऱ्यानं गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवली, एकही चुकली नव्हती. किंवा ॲड्रिनलची गाठ.

पहिला निर्णय औषधाचा. हृदय कमकुवत असताना बीटा ब्लॉकर एकदम थांबवणं आम्हाला एरवी नको असतं. पण गाठ असेल तर प्रोप्रानोलॉल घातक ठरते. रक्तवाहिन्या सैल करणारे बीटा रिसेप्टर ती बंद करते, आणि आवळणारे अल्फा रिसेप्टर मोकळे राहतात. बीपी उतरण्याऐवजी भडकतं, तिसऱ्या दिवशी नेमकं तेच झालं होतं. अल्फा आधी, बीटा नंतर, हा क्रम पुस्तकात ठळक छापलेला असतो. आम्ही दोन्ही बीटा ब्लॉकर थांबवले आणि चाचणीचा निकाल यायच्या आधीच प्राझोसिन, म्हणजे अल्फा रिसेप्टर अडवणारी गोळी, सुरू केली. यावर आमच्यात मतभेद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, निदान नक्की नसताना कमकुवत हृदयाच्या रुग्णाचं बीपी पाडणं धोक्याचं. त्याची भीती रास्त होती, पहिल्या डोसला लोक उभं राहताच कोसळतात. म्हणून १ मिलिग्रॅमपासून, रात्री झोपताना, मॉनिटरवर.

दुसरा निर्णय तपासाच्या क्रमाचा. शिस्त अशी की आधी रक्तातली किंवा २४ तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन (ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिनपासून शरीरात बनणारे पदार्थ) मोजायची, ती वाढलेली असली तरच स्कॅन करायचा. कारण ॲड्रिनलवर निरुपद्रवी गाठी अनेकांना असतात, आधी स्कॅन केला की त्या उगाच सापडतात आणि घोळ होतो. पण आयसीयूत झोपलेल्या माणसाची मेटानेफ्रिन आजारानंही वाढतात, आणि आमचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाऊन निकाल यायला दिवस लागणार होते. बाईंना तिसरा झटका झेपला नसता. आम्ही नमुना पाठवून त्याच दिवशी सीटी केला. उजव्या ॲड्रिनलवर ४.६ सेंटिमीटरची गाठ. सुई घालून तुकडा काढायचा मोह इथे अजिबात करायचा नसतो. नुसत्या टोचण्यानंही ती हार्मोन ओकू शकते.

पाच दिवसांनी निकाल आला : मेटानेफ्रिनपैकी एक, नॉर्मेटानेफ्रिन, वरच्या मर्यादेच्या ११ पट. एवढी वाढ नुसत्या आजारपणानं सहसा होत नाही.

केलेली उपाययोजना

सगळ्यात अडचणीचा प्रश्न मिठाचा निघाला. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला आम्ही मीठ कमी करायला सांगतो. फिओक्रोमोसायटोमाच्या रुग्णाच्या वाहिन्या वर्षानुवर्षं आवळलेल्या असतात, रक्ताचं आकारमान घटलेलं असतं, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्यांना मीठ-पाणी भरपूर द्यायचं असतं. बाईंना दोन्ही आजार होते. नवऱ्यानं मला वैतागून विचारलं, ‘डॉक्टर, गेल्या महिन्यात लोणचं बंद केलंत, आता चालू करा म्हणता. नक्की काय करायचं?’ आम्ही मधला मार्ग काढला. मिठाची बंदी उठवली, लघवीची गोळी निम्मी केली, आणि रोज सकाळी चहाच्या आधी वजन करून वहीत लिहायला सांगितलं. दोन दिवसांत दीड किलो वाढलं तर फोन करायचा. टाचण वहीलाच नवीन रकाना पडला.

प्राझोसिन हळूहळू दिवसाला १५ मिलिग्रॅमपर्यंत गेली. बसलेलं बीपी १३० च्या खाली, उभं राहिल्यावर ९० च्या वर, हे लक्ष्य. नाक चोंदायला लागलं, ते औषध लागू पडल्याचं चांगलं लक्षण. अल्फा नीट बसल्यावरच मेटोप्रोलॉल अगदी थोडी परत सुरू केली.

शस्त्रक्रिया लगेच की थांबून? भावाला वाटत होतं, गाठ आहे तर उद्याच काढा, कॅन्सर असला तर? पण ३२ टक्के पंपिंगवर भूल देणं आणि गाठीला हात लावणं हा दुहेरी जुगार होता. हार्मोनचा मारा औषधानं अडवला की हृदय काही आठवड्यांत सावरतं, हे पहिल्या वेळी दिसलंच होतं. सहा आठवडे थांबलो. पंपिंग ४६ वर आलं. मग त्यांना अशा गाठींचा नेहमीचा अनुभव असलेल्या मोठ्या शहरातल्या पथकाकडे पाठवलं. ही शस्त्रक्रिया सर्जनइतकीच भूलतज्ज्ञाची असते, म्हणून जवळचं रुग्णालय सोडून लांब जाण्याचा आग्रह मी धरला.

दुर्बिणीतून गाठ निघाली. तिला हात लागताच बीपी २३० च्या पुढे गेलं, आणि तिची शीर बांधल्यावर काही मिनिटांत ८० वर आलं. दोन्हींची तयारी होती. एक दिवस बीपी टिकवायचं औषध लागलं, साखर दर तासाला तपासली, कारण हार्मोन थांबताच ती घसरू शकते.

परिणाम

शस्त्रक्रियेनंतर बाईंना एकही झटका आलेला नाही. महिन्याभरानं मेटानेफ्रिन नॉर्मल, गेलेलं वजन परत आलं. वर्षानं पंपिंग ५७ टक्के. एमआरआयमध्ये मात्र तळाच्या बाजूच्या भिंतीत व्रणाचे ठिपके दिसतात आणि त्या भागाची ताणली जाण्याची क्षमता कमी आहे. बीपीची एक गोळी अजून लागते. तीन मजले चढून गेल्यावर दम लागतो, तो पूर्वी लागत नसे.

या गाठींपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आनुवंशिक असतात, म्हणून जनुकीय चाचणी केली. त्यात दोष सापडला नाही, भावंडांना तपासावं लागलं नाही. तरी दरवर्षी मेटानेफ्रिन पाहायचीच, कारण गाठ वर्षांनी परत येऊ शकते.

काय वेगळं करता आलं असतं

सरसकट सगळ्यांना मेटानेफ्रिन लिहा, असं मी मुळीच म्हणत नाही. ही गाठ वर्षाला दहा लाखांत दोन ते आठ जणांना होते. धडधड होणाऱ्या प्रत्येकाला तपासलं तर खोटे पॉझिटिव्हच जास्त येतील. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही आकडा वाढतो. मग स्कॅन, मग भीती, मग आणखी स्कॅन.

पण बाईंच्या बाबतीत खर्चिक चाचणीच्या कितीतरी आधी एक स्वस्त गोष्ट राहून गेली : झटका चालू असताना बीपी मोजणं. तीन वर्षांत ते कोणीच केलं नाही, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत झटका संपलेला असे. घरात मशीन ठेवून ‘झटका आला की मोजा आणि लिहा’ एवढं सांगितलं असतं, तर डोकेदुखी, घाम, धडधड या त्रिकुटाबरोबर २०० च्या पुढचा आकडा पहिल्याच महिन्यात कागदावर आला असता. पॅनिक अटॅकमध्येही बीपी वाढतं, पण सहसा इतकं नाही. चेहरा पांढरा पडतो की लाल होतो, हेही घरच्यांना विचारण्यासारखं. पाळी जायच्या वेळच्या गरम झळांत तो लाल होतो. बाईंचा पांढरा पडत होता, हे मुलीला पक्कं आठवत होतं. विचारलं पहिल्यांदा आम्ही.

पहिल्यांदा दाखल झाल्या त्या वेळी ‘झटक्याच्या आधी काय झालं’ याचं उत्तर ‘वडील गेले’ एवढ्यावर थांबलं. त्या दिवशी कोणतं औषध दिलं, हा प्रश्न राहिला. धक्का ही गोष्ट इतकी पटण्यासारखी असते की ती सापडल्यावर माणूस पुढे विचारत नाही. कमी वय, थिजलेला तळ, वरखाली होणारं बीपी, यांतलं एक जरी असेल तरी ताकोत्सुबोच्या रुग्णाला घरी सोडताना कार्डावर ‘चार-सहा आठवड्यांनी मेटानेफ्रिन’ ही ओळ असावी, असं माझं मत आहे. तेवढ्या काळात धक्क्यानं वाढलेली हार्मोन उतरतात आणि गाठीची उरतात. ती ओळ असती, तर प्रोप्रानोलॉल लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या मनात किमान शंका तरी आली असती.

आमच्या बाजूनं एक गोष्ट अजून वादात आहे. हृदयरोगतज्ज्ञांचं मत, व्रण आहे तोवर रामिप्रिल कायम चालू ठेवावी. हार्मोनतज्ज्ञांना वाटतं, कारणच गेलंय, पंपिंग ५५ च्या वर आहे, तर हळूहळू बंद करून पाहावी. बाई स्वतः गोळी सोडायला तयार नाहीत. दुसऱ्या वर्षीचा एमआरआय दिवाळीच्या सुट्टीत ठरला आहे, तोवर गोळी चालू.